विदर्भातल्या पोरापोरींनी हायपरबेरिकचा डॉक्टर कसं व्हायचं

मागच्या महिन्यात पवनीकडच्या एका पोरीचा फोन आला, बारावीला आहे, बायो घेतलंय. म्हणे, "भाऊ, तुमी ते पाणबुड्यांचे डॉक्टर ना, मले पण तेच करायचं आहे, पण आपल्याकडे समुद्र कुठी हाय?" अर्धा तास बोललो तरी तिचे प्रश्न संपेनात, मग म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढतो, तिच्यासाठी पण आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी पण. मी मूळचा भूलतज्ज्ञ, आता बराचसा वेळ चेंबरवर जातो, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे.

आधी हे काम नेमकं काय ते सांगतो, कारण गावात कोणाला "प्रेशरचा डॉक्टर" म्हटलं की लोक बीपी तपासायला हात पुढे करतात. यात दोन गोष्टी येतात. एक डायव्हिंग मेडिसिन, म्हणजे पाण्याखाली काम करणाऱ्या माणसाचं शरीर, तो खाली जायला फिट आहे का, वर आल्यावर त्याला काय त्रास होतो, तो कसा बरा करायचा. दुसरं हायपरबेरिक मेडिसिन, म्हणजे पेशंटला बंद चेंबरमध्ये ठेवून आतला दाब वाढवायचा आणि त्याला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, ज्यानं न भरणाऱ्या जखमा, रेडिएशननं खराब झालेलं हाड, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असले आजार हाताळता येतात. दोन्हीचं फिजिक्स एकच आहे म्हणून डॉक्टरही एकच. आणि विदर्भात राहून हे करायचं असेल तर तुमचं जवळजवळ सगळं काम दुसऱ्या प्रकारचं असणार, पाणबुडे कमी आणि शुगरचे पाय जास्त, हे आत्ताच डोक्यात पक्कं करून घ्या, नाहीतर दहा वर्षं शिकून मग वाईट वाटेल.

समुद्राचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. एक आबाजी होते, सत्तरीचे, शुगर, उजव्या पायाचा अंगठा आधीच काढलेला आणि तळव्याची जखम हाडापर्यंत गेलेली. पहिल्याच दिवशी चेंबरचं दार लावलं, दाब वाढवायला सुरुवात केली, मी बाहेरून इंटरकॉमवर विचारत होतो कान दुखतात का, दुखले तर लगेच हात वर करा, कारण बहुतेक पेशंट इथंच घाबरतात. आबाजींनी आमच्या काही सांगायच्या आतच नाक चिमटीत धरलं, तोंड बंद करून हळूच फुंकलं, आणि म्हणाले, "विहिरीत बुडी मारल्यावर होते तसंच होऊन रायलं, काई नाई, चालू द्या." लहानपणी गावच्या विहिरीत तळाशी पडलेली बादली काढायला हेच जायचे. आता हिशोब पाहा, एक अ‍ॅटमॉस्फिअर दाब तर बाहेरच्या हवेचाच असतो, त्यावर पाण्यात दर १० मीटरला आणखी एक अ‍ॅटमॉस्फिअर दाब वाढतो, आम्ही चेंबरमध्ये साधारण २.४ अ‍ॅटमॉस्फिअर देतो, म्हणजे काठोकाठ भरलेल्या ४५ फूट विहिरीच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढाच. जी गोष्ट पुस्तकात व्हॅल्साल्व्हा मॅन्युव्हर म्हणून दोन पानं शिकवतात ती आबाजींना विहिरीनं शिकवली होती. त्यामुळे आपल्याकडे समुद्र नाही म्हणून मागे राहू असं मनात आणू नका.

तर पहिली तयारी बारावीची, आणि त्यातही फिजिक्सची. आपल्याकडे डॉक्टर व्हायचं म्हटलं की पोरं बायो घोकतात आणि फिजिक्स फक्त नीटपुरतं उरकतात, पण या ब्रँचमध्ये बॉईलचा नियम आणि हेन्रीचा नियम हे रोजचं जेवण आहे. बॉईल म्हणजे दाब वाढला की वायूचं आकारमान कमी होतं, म्हणून कान दुखतो, म्हणून श्वास रोखून वर येणाऱ्या पाणबुड्याचं फुप्फुस फाटू शकतं. हेन्री म्हणजे दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो. जत्रेतला गोटी सोडा आठवा, गोटी आत ढकलली की फस्सकन फेस येतो, तसाच पाणबुडा खोलवरून घाईनं वर आला की रक्तात आणि सांध्यांत विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो, त्यालाच बेंड्स किंवा डिकंप्रेशन सिकनेस म्हणतात. पूर्वी पुलांचे पाये खोदताना दाबाच्या हवेत काम करणारे मजूर यानंच लुळे पडायचे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये यानंच आजारी पडला. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बर्टनं नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं कारण दाखवलं, आणि १९०८ मध्ये हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर यायचे तक्ते बनवले. हो, बकऱ्यांवर, ज्या आपल्या दारात बांधलेल्या असतात. त्या तक्त्यांमागचा विचार आजही चालतो.

आता रस्ता. नीट, मग एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. याला शॉर्टकट नाही, कोणी "हायपरबेरिक थेरपिस्टचा सहा महिन्यांचा कोर्स" विकत असेल तर त्यानं तुम्ही फार तर टेक्निशियन व्हाल, डॉक्टर नाही. कॉलेज आपल्याकडे आता बरीच आहेत, नागपूरला मेडिकल आणि मेयो, मिहानला एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया. कोणतंही चालेल. सरकारी कॉलेजात शिकलात तर एक वर्षाचा बॉण्ड असतो, त्याला कटकट समजू नका. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा कुठल्याही पीएचसीवर तुम्हाला जखमा पाहायला मिळतील, सिकलसेलचे पेशंट मिळतील, आणि एखादा माणूस उपचार अर्ध्यात का सोडतो हे तिथंच कळतं. एमबीबीएसच्या काळात तीन गोष्टी मनापासून करा. फिजिऑलॉजीत ऑक्सिजन कसा वाहून नेला जातो ते, ईएनटीत कानाचा पडदा ओटोस्कोपनं पाहायची सवय, आणि सर्जरी पोस्टिंगला ड्रेसिंग. ड्रेसिंग रूममध्ये सिनियर पाठवतात म्हणून पोरं तोंड वाकडं करतात, पण वास, रंग, कडा, खाली हाड लागतं का, हे हातानं शिकल्याशिवाय पुढे चेंबरमध्ये कोणाला घालायचं आणि कोणाला नाही हे कळूच शकत नाही.

यानंतर दोन वाटा फुटतात.

एक नौदलाची. आपल्या देशात या विषयाचं खरं घर नौदलच आहे. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचं हॉस्पिटल आहे, तिथंच इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे आणि तिथं मरीन मेडिसिनमध्ये एमडी करता येतं. पाणबुड्या, डायव्हर, अडकलेल्या सबमरीनमधून माणसं काढणं, हे सगळं तिथं शिकवतात. ज्याला खरोखर पाण्याखालची माणसं सांभाळायची आहेत त्यानं हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. बारावीनंतरच ठरलं असेल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज आहे, नीटच्या मार्कांवर बोलावतात, मग वेगळी चाचणी आणि मुलाखत, मुलींना पण जागा असतात, पण पुढे सैन्यदलात नोकरी करायचा करार लिहून द्यावा लागतो, तो घरच्यांना आधी समजावून सांगा. एमबीबीएस झाल्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशननं, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, पण जाता येतं.

दुसरी वाट माझी, म्हणजे सिव्हिलियनची. यात आधी एक पक्की बेस स्पेशालिटी करा. भूलशास्त्र, जनरल सर्जरी, प्लास्टिक सर्जरी, ईएनटी, इमर्जन्सी मेडिसिन यातलं काहीही. मी हे जोर देऊन सांगतोय कारण दोन-तीन हुशार पोरं मी पाहिलीत जी एमबीबीएसवर थेट चेंबर चालवायला लागली, आणि मग त्यांच्याकडे चेंबर सोडून दुसरं काहीच उरलं नाही, प्रत्येक जखमेला उत्तर एकच, चेंबर. सर्जनला कळतं की ही जखम आधी कापून साफ करायला पाहिजे, पायाची रक्तवाहिनीच बंद असेल तर आधी अँजिओप्लास्टी पाहिजे, तिथं कितीही ऑक्सिजन दिला तरी तो बोटापर्यंत पोचणार कसा. शिवाय पोटापाण्याचं पण पाहायचं असतं, आपल्याकडे नुसत्या हायपरबेरिकवर घर चालवणं अवघड आहे, माझी पण निम्मी कमाई ऑपरेशन थिएटरमधूनच येते.

एमडी-एमएस झाल्यावर या विषयाचे कोर्स. युरोपातल्या पद्धतीप्रमाणे लेव्हल वन म्हणजे डायव्हर फिट आहे का हे तपासणारा डॉक्टर आणि लेव्हल टू म्हणजे डायव्हरच्या आजारावर उपचार करणारा किंवा हायपरबेरिक सांभाळणारा डॉक्टर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे डिप्लोमा आहे, अमेरिकेत अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिसिनची एक वर्षाची फेलोशिप आहे पण त्याआधी तिथली रेसिडेन्सी लागते, म्हणजे तो वेगळाच संसार झाला. कोर्सपेक्षा महत्त्वाचं म्हणजे एखाद्या चालत्या चेंबरवर सहा महिने-वर्षभर सिनियरच्या हाताखाली बसा. आणि स्वतः एकदा डायव्हिंग शिका. सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा शिकवणारं सेंटर आहे, नागपूरहून लांब पडतं, तरी जा. मी पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा पाच मीटरवरच डावा कान असा दाबला गेला की डोळ्यात पाणी आलं, त्यानंतर पेशंटचा कान दुखतोय म्हटल्यावर मी कधी "थोडं सहन करा" असं म्हणालो नाही.

आता रोजचं काम. साध्या हवेत आपल्या रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, १०० मिलीला फक्त ०.३ मिलीच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो, बाकी सगळा हिमोग्लोबिन उचलतं. ३ अ‍ॅटमॉस्फिअरला शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच आकडा ६ मिलीच्या जवळ जातो, नुसत्या प्लाझ्मावर शरीर तग धरू शकतं एवढा. अ‍ॅमस्टरडॅमच्या बोरेमा नावाच्या सर्जननं १९६० मध्ये डुकरांवर हे दाखवलं, त्यांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या तरी ती चेंबरमध्ये जगली. या सगळ्याचा आपल्याकडे उपयोग कुठं, तर सगळ्यात आधी शुगरचे पाय. त्यानंतर खर्रा, म्हणजे आपली तंबाखू-सुपारी. आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर किती घरांत आहे हे मी सांगायला नको, रेडिएशन झाल्यावर काही जणांचं जबड्याचं हाड सुकून मरतं, दात काढला की ती जागा भरतच नाही, हाड उघडं पडतं, जेवताना पाणी बाहेर येतं. अशा पेशंटला जुन्या पद्धतीप्रमाणे ऑपरेशनच्या आधी ३० आणि नंतर १० बैठका देतात. यातही सगळ्यांना फायदा होतो असं नाही, नव्या अभ्यासांनी यावर बरेच प्रश्न उभे केलेत, म्हणून पेशंटला तसंच सांगायचं. मग गॅस गीझरच्या बंद बाथरूममधले किंवा शेगडी पेटवून दार लावून झोपलेले कार्बन मोनॉक्साइडचे पेशंट. साध्या हवेत हा विषारी वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास, चेंबरमध्ये २०-२५ मिनिटं. इथं एक सांगून ठेवतो, पीएचसीवर असाल तर चेंबर शोधत बसू नका, आधी घट्ट मास्कनं ऑक्सिजन सुरू करा आणि मग फोन करा.

पाणबुडे आपल्याकडे अगदीच येत नाहीत असं पण नाही. आपलेच लोक अंदमानला नाहीतर मालवणला जाऊन स्कूबा करतात आणि लगेच विमानानं नाहीतर घाट चढून परत येतात, वर गेलं की दाब कमी, मग खांदा दुखतो, पायाला मुंग्या येतात, आणि इथं येऊन हाडाच्या डॉक्टरला दाखवतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि रोज अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, हे तुमच्या ओळखीत कोणी जात असेल तर आजच सांगा. असा पेशंट आला तर अमेरिकन नौदलाच्या तक्त्याप्रमाणे २.८ अ‍ॅटमॉस्फिअरपासून सुरुवात करून पावणेपाच तासांचा उपचार असतो, रात्रभर जागायची तयारी ठेवा. मुंबई हायवर समुद्रात तेलाच्या पाइपलाइनवर काम करणारे डायव्हर तर कित्येक दिवस दाबाखालच राहतात, हीलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात, आवाज बदकासारखा होतो त्यांचा, डॉक्टर बाहेरून फोनवर सल्ला देतो आणि आतला ट्रेनिंग घेतलेला साथीदार हातानं काम करतो. ती नोकरी पाहिजे असेल तर मुंबई गाठावी लागेल. आणि आपल्या तलावात, नदीत नुसत्या श्वासावर बुडी मारणाऱ्या ढिवर भावांना सहसा बेंड्स होत नाही, कारण ते दाबाची हवा खाली श्वासात घेत नाहीत. बुडालेल्या माणसाला चेंबरमध्ये घालून काही होत नाही, त्याला जागीच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब, हेच.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, तुमच्या हातून होऊ नये म्हणून. सुरुवातीच्या दिवसांत एक काकाजी उमरेडकडून पहाटेच्या एसटीनं यायचे. त्या दिवशी घरून इन्सुलिन घेऊन निघाले, गाडी चुकेल म्हणून जेवले नाहीत, आणि मी विचारलं नाही. चेंबरमध्ये अर्ध्या तासात घामानं भिजले, बोलणं अडखळायला लागलं. एका माणसाचं चेंबर होतं, काचेच्या नळीसारखं, मी बाहेर आणि ते आत, आणि दार काही एकदम उघडता येत नाही, दाब हळूहळूच उतरवावा लागतो. ती काही मिनिटं मला अजून आठवतात. बाहेर काढल्यावर साखर दिली, सावरले, दुसऱ्या दिवशी परत आले पण. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक शुगरच्या पेशंटची साखर आत जायच्या आधी तपासली जाते, १०० च्या खाली असली तर आधी खाणं, आणि दाराजवळ बिस्किटाचा डबा कायम. चेंबरमध्ये साखर आणखी उतरते, हे वाचलेलं मला माहीत होतं, पण एसटीचं टायमिंग त्याला जोडून पाहायला पाहिजे हे सुचलं नव्हतं.

आणि आग. ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे संपलंच. १९९७ मध्ये इटलीत मिलानला चेंबरच्या आगीत ११ माणसं गेली, आत नेलेल्या हात गरम करायच्या हीटरमुळे. म्हणून आमच्याकडे आत जाताना फक्त आम्ही दिलेला सुती गाऊन, मोबाईल नाही, घड्याळ नाही, माचिस-लायटर नाही, डोक्याला तेल नाही, अंगाला बाम नाही. बायांना तेल लावून, वेणी घालून दवाखान्यात यायची सवय असते, त्यांना परत केस धुवायला लावणं जीवावर येतं, तरी धुवायलाच लावा. खर्र्याची पुडी लोक कमरेला खोचून ठेवतात, प्लास्टिक असतं, ती पण काढून घ्या. हे सगळं नर्सवर सोडू नका, स्वतः हात लावून तपासा. आत जाण्याआधी छातीचा एक्सरे पाहा, आपल्याकडे जुना टीबी खूप आहे, फुप्फुसात हवेचे फुगे असले तर धोका असतो, आणि फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर ती काढल्याशिवाय चेंबर अजिबात नाही.

पेशंट निवडताना अजून एक हिशोब करायला शिका, जो कोर्समध्ये शिकवत नाहीत. न भरणाऱ्या जखमेला ३० ते ४० बैठका लागतात, रोज एक, दीड-दोन तासांची. गावातल्या माणसासाठी याचा अर्थ महिना-दीड महिना शहरात नातेवाइकाकडे राहणं, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार, आणि नेमकं ते दिवस सोयाबीन काढणीचे असले तर तो दहाव्या दिवशी निघूनच जाणार. अर्धवट बैठकांचा उपयोग नाही. म्हणून मी आधी महिनाभर नीट ड्रेसिंग, शुगर कंट्रोल, पायावरचा भार कमी करणं हे गावाजवळच करवून घेतो, रक्तवाहिन्यांचा डॉप्लर पाहतो, जमलं तर कातडीवर सेन्सर लावून जखमेभोवती ऑक्सिजन किती पोचतो ते मोजतो. एवढं करून फायदा दिसत असेल तरच चेंबर सांगतो, आणि तारीख शेतीचं काम पाहून ठरवतो.

कधीकधी तुम्हाला नाही म्हणावं लागेल, आणि ते जड जातं. मी एका खाजगी सेंटरवर काही महिने होतो. तिथं ऑटिझमच्या लेकरांसाठी ४० बैठकांचं पॅकेज विकायचे. एक आई-बाप वाशिमकडून आले होते, बैलजोडी विकून. ऑटिझमला चेंबरचा उपयोग होतो याला पुरावा नाही, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१३ मध्येच अशा दाव्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं, ते लेकराला घेऊन परत गेले, आणि त्या महिन्यातच माझं तिथलं काम संपलं. सुरकुत्या जातात, तारुण्य येतं, लकवा पूर्ण बरा होतो, असं सांगणारे पण भेटतील. कापडी फुगवायच्या पिशवीसारखे चेंबर पण विकतात, १.३ अ‍ॅटमॉस्फिअरचे, त्यात जखमेचा उपचार होत नाही, ते घेऊन नका बसू.

पुढे स्वतःचं सेंटर काढायचं असेल तर एकट्यानं कर्ज काढून चेंबर घेण्यापेक्षा जिथं सर्जन, आयसीयू आणि पाइपलाइनचा ऑक्सिजन आधीच आहे अशा हॉस्पिटलसोबत जा. १००० लिटरच्या वरची द्रव ऑक्सिजनची टाकी बसवायची तर पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्राच्या खात्याचा परवाना लागतो, आणि त्याचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे कागदपत्रांसाठी दिल्ली-मुंबईच्या चकरा वाचतात. टेक्निशियन चांगला ठेवा आणि त्याला पगार नीट द्या, कारण रोज त्या व्हॉल्व्हवर हात त्याचा असतो.

त्या पोरीला मी म्हटलं, नीटला अजून वेळ आहे, अभ्यास तर करच, पण त्याआधी एक रविवार काढून बाबांना घेऊन ये. चेंबर रिकामं असेल तेव्हा तुला आत बसवतो, साध्या हवेत थोडासाच दाब देऊ, कान कसा दबतो, हवा कशी गरम होते, ते दार लागल्यावर छातीत कसं होतं, हे सगळं एकदा अंगावर घे आणि मग घरी जाऊन ठरव. सुती सलवार घालून ये, सर्दी असेल तर येऊ नको, आणि मायला सांग त्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही.